खुर्चीचा सप्लाय

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक झाकणाखाली घालून तिने मनगटाला झटका दिला. खुर्चीखालचं प्लास्टिकचं झाकण कटकन निघालं आणि पायऱ्यांवरून घरंगळत भावाच्या पायाशी जाऊन पडलं.

"हळू," तो खालून म्हणाला. "तुटलं तर मिळत नाही ते. कंपनी बंद पडलीय."

"तुटलं तर चिकटवीन."

"आली आमची फ्यूज. आल्या आल्या उडाली."

लहानपणापासून तो तिला याच नावाने चिडवायचा. एरवी ती हसली असती. जिन्याच्या कडेने खालपासून वरपर्यंत एक लोखंडी रूळ गेला होता आणि त्याच्या वरच्या टोकाला ही खुर्ची अडकून बसली होती. बसायचं, हाताखालचं बटण दाबून धरायचं, की मोटार खुर्चीला हळूहळू खाली नेई. बटण सोडलं की खुर्ची थांबे. खाली भिंतीवर तसंच एक बटण होतं. बाबांचे गुडघे गेल्यावर तिनेच हट्ट धरून ती बसवून घेतली होती. आता आठवडाभर ती हलली नव्हती, आणि तेव्हापासून बाबा वरच्या खोलीतच होते.

"शुक्रवारी त्या वृद्धांच्या संस्थेची माणसं येतायत बाबांना न्यायला," भाऊ म्हणाला. "तुझ्या वहिनीने सांगितलं ना तुला फोनवर?"

"खुर्ची बंद पडली म्हणून बापाला टाकायला निघालास?"

"मग तू उचल. डॉक्टरकडे न्यायचं तर दोघांनी धरून उतरवावं लागतं त्यांना. माझी कंबर गेली, हिची गेली. लांब राहून बोलायला काय जातं?"

तिने मीटरचे प्रोब बॅटरीवर इतक्या जोरात दाबले की एक निसटला. दुसऱ्यांदा नीट धरले. सव्वीस व्होल्ट. बॅटरी ठणठणीत होती.

"मेकॅनिक म्हणाला, बोर्ड गेलं."

"त्याने मीटर लावला होता?"

"बघूनच म्हणाला."

"नुसत्या डोळ्यांनी व्होल्टेज दिसतं त्याला? पाया पडायला हवं."

भाऊ खाली वाकला. झाकण उचलून त्यावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला.

ती एका प्रयोगशाळेत उपकरणं तपासायची. डोकं फिरलं की तिला मोजमापाचा आधार वाटे. आकडा कोणाची बाजू घेत नाही. मोटार चालवणाऱ्या बोर्डाला बॅटरीकडून दोन जाड तारा येत होत्या, एक लाल, एक काळी. त्या जिथे बोर्डाला मिळत होत्या तिथल्या स्क्रूंवर तिने प्रोब टेकवले. शून्य. मग ती मागे सरकत गेली. फ्यूजच्या अलीकडे सव्वीस, फ्यूजच्या पलीकडेही सव्वीस. म्हणजे फ्यूजपासून बोर्डापर्यंतच्या वीतभर लाल तारेत कुठेतरी सप्लाय हरवत होता. तिने तार ओढून बघितली. घट्ट होती. तिने स्क्रू सैल केला आणि तार बाहेर काढली.

तांब्याच्या टोकावर काळी टेप गुंडाळलेली होती.

तार तुटली नव्हती, सुटलीही नव्हती. कोणीतरी तिचं टोक टेपने झाकून परत जागेवर घातलं होतं आणि वरून स्क्रू आवळला होता. नुसतं बघणाऱ्याला ती जोडलेलीच वाटली असती.

तिने खाली भावाकडे बघितलं. हा माणूस बल्ब बदलायलाही वायरमन बोलावतो. मग तिने टेपकडे पुन्हा बघितलं. टेपचं शेवटचं टोक दुमडलेलं होतं, नखाच्या चिमटीत येईल एवढं. बाबांनी जन्मभर मोटारींचं वाइंडिंग केलं, आणि दुकानात कोणी टेपचं टोक तसंच चिकटवलं तर ते अख्खी टेप सोडायला लावत. पुढच्या माणसाला नख लावत बसायला लागू नये, म्हणत. पण बाबांचे हात आता इतके थरथरत की सदऱ्याची गुंडीही दुसऱ्याने लावावी लागे.

वहिनी पाण्याचा पेला घेऊन जिना चढत होती. तिची नजर त्या लाल तारेवर गेली आणि ती मधल्याच पायरीवर थांबली.

"दादा, गाडीतून माझा टॉर्च आण," वहिनीकडे बघतच ती भावाला म्हणाली.

"एवढा उजेड आहे की."

"आण म्हटलं ना."

झाकण पायरीवर ठेवून तो पुटपुटत बाहेर गेला. दार लागल्यावर तिने तार वहिनीसमोर धरली.

"ही टेप तू लावलीस."

"सापडली ना, वन्सं," वहिनी म्हणाली. "तुम्हाला सापडेल हे माहीत होतं."

"टोक दुमडायला कोणी शिकवलं तुला?"

"बाबांनीच. तुम्ही शिकायला बाहेर गेलात, मग दुकानात त्यांच्याजवळ कोण बसायचं?"

हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तिने पेला घेतला नाही.

"दादाला निमित्तच हवं होतं. ते तू त्याच्या हातात दिलंस."

वहिनीने पेला पायरीवर ठेवला. "बाबा दोनदा बाहेर गेले. दुपारी, मी आंघोळीला गेले की खुर्चीवर बसायचं, खाली उतरायचं आणि काठी घेऊन निघायचं. दुसऱ्या वेळी मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडले. दुकान उघडायला निघालो, म्हणाले. दुकान विकून किती वर्षं झाली. ह्यांना कळलं असतं तर त्याच संध्याकाळी संस्थेत नेऊन सोडलं असतं. म्हणून तार काढली. तर हे म्हणाले, खुर्ची चालत नाही तर संस्थाच बरी. आगीतून फुफाट्यात."

"हे फोनवर सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही ऐकून घेतलं असतंत? फोन उचलला की तुमचं पहिलं वाक्य, आता काय केलं दादाने?"

तिने स्क्रू-ड्रायव्हर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. रागाला धरायला माणूसच उरला नव्हता आणि राग तर तसाच होता.

तिने दुमडलेलं टोक धरून ओढलं. टेप सरसर सुटली. लाल तार जागेवर घालून तिने स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला. मीटरवर सव्वीस आले, बोर्डावरचा हिरवा दिवा लागला. वहिनीचा चेहरा उतरला.

"आता परत जातील ते," ती हळूच म्हणाली.

खुर्चीच्या हातामधून एक बारीक करडी तार बोर्डाकडे येत होती. हाताखालच्या बटणाची. तिने त्या तारेच्या स्क्रूला स्क्रू-ड्रायव्हर लावला. मग तिने ती सोडवली, टोकाला टेप गुंडाळली आणि तार बाजूला वळवून ठेवली.

"खालच्या भिंतीवरच्या बटणाने चालेल," ती म्हणाली. "खाली कोणी उभं असेल तरच."

वहिनी पायरीवरच बसली.

भाऊ टॉर्च घेऊन आला तेव्हा झाकण बसवून झालं होतं.

"मिळालं काही?"

"एक तार लागत नव्हती."

"कुठली?"

"सांगून तुला काय कळणार आहे? खुर्ची चालते. त्या संस्थेच्या माणसांना फोन कर आणि येऊ नका म्हणून सांग."

"चालली तर करतो. मला काय हौस आहे?" तो म्हणाला. टॉर्च त्याने उगाच लावला, विझवला. "आठवडाभर मी झोपलेलो नाही, माहितेय?"

वरच्या खोलीतून वॉकरचे पाय फरशीवर टेकत टेकत आले. बाबा दारात थांबले. आज त्यांची नजर स्वच्छ होती.

"काय निघालं?"

"सप्लाय, बाबा."

"आधी सप्लाय बघायचा. लोक उगाच बोर्ड बदलतात." ते खुर्चीवर बसले. तिने पट्टा लावला. त्यांचा अंगठा थरथरत बटणावर गेला आणि दाबला गेला.

काहीच झालं नाही. त्यांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं. मग खुर्चीच्या हातावर कान टेकवला, क्षणभर ऐकलं आणि सरळ बसले.

"ह्या बटणाला सप्लाय नाही," ते म्हणाले.

"खालून चालते, बाबा."

"कोणी ठरवलं?"

वहिनी खाली भिंतीपाशी पोचली होती. भाऊ तिच्या शेजारी मान वर करून उभा होता.

"मी," खुर्चीशेजारून ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. लहानपणी तिने तारेचे चुकीचे वेढे देऊन मोटार भरली की ते असेच बघत, एक शब्द न बोलता, आणि तिला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागे. मोटार घरघरली. खुर्ची हलली आणि एकेक पायरी मागे टाकत खाली निघाली.

"बघा बाबा, झाली की नाही चालू," भाऊ खालून म्हणाला.

खुर्ची खाली टेकली, मोटार थांबली, वहिनीने भिंतीवरून हात काढला. बाबांचा अंगठा मात्र त्यांच्या बटणावर तसाच दाबलेला होता. वरून निघाल्यापासून त्यांनी तो एकदाही उचलला नव्हता, आणि नख पार पांढरं पडलं होतं.