बंपरची उंची

माझ्या बाइकच्या मागच्या दिव्याचे अकरा तुकडे झाले होते, मडगार्डला एक पोचा आला होता आणि त्यावर शेजारच्या काकांच्या गाडीचा पांढरा रंग लागला होता. मी गेटपाशी थांबले असताना त्यांनीच मागून ठोकलं होतं, आता म्हणत होते, "छे, मी नाही बुवा!" फोटो काढायला फोन घेऊन खाली आले, तर बाबा बाइक घासूनपुसून मोकळे.

"बाबा, पुरावा होता तो!"

"अगं, विमावाला बघायला येणार. त्याला काय घाणेरडी बाइक दाखवायची?"

कपाळावर हात मारून मी टेप आणली. पोच्याची जमिनीपासूनची उंची बावन्न सेंटीमीटर भरली. मग काकांच्या बंपरवरचा ताजा ओरखडा मोजला. तोही बावन्न सेंटीमीटरवर होता.