लडीतला धागा

न्यू जर्सीत कुणी मराठी बाई बकऱ्या पाळते, त्यांची लोकर विंचरून स्वतः सूत कातते, यावर सुलेखाचा काडीचाही विश्वास नव्हता. हातमागावर शाली विणणारी सुलेखा पर्समध्ये काडेपेटी घेऊनच त्या बाईकडे, अहिल्याकाकूंकडे गेली. लोकर अस्सल असेल तर जळताना केसांचा वास येतो. तिने टोपलीतल्या सुताच्या एका लडीचा धागा तोडून पेटवला. तो वितळून त्याचा टणक मणी झाला.

"काकू, हे चक्क प्लास्टिक आहे!"

"अगं, तू लडी बांधायचा दोरा जाळलास." काकूंनी आतला धागा पेटवला. केस जळल्याचा वास सुटला.

सुलेखा ओशाळली. "सॉरी काकू. सगळ्या लड्या पॅक करा."

"नको," काकूंनी टोपली उचलली. "उद्या माझ्या बकऱ्याही पेटवून बघशील."