पित्ताच्या गोळ्या

प्रेरणाचं पत्र येऊन महिना उलटला होता आणि मी उत्तर दिलं नव्हतं. माझा भाचा गोकुळ याच्याशी तिचं लग्न ठरलेलं. तिनं लिहिलं होतं, "मामा, फोनवर घरातले सगळे ऐकतात, म्हणून पत्र. साखरपुड्याला जेवणानंतर गोकुळनी गुपचूप गोळी घेतली. कशाची विचारलं की तुमच्याकडे सगळे 'पित्ताची' म्हणतात आणि विषय बदलतात. तुम्ही नाही बदलणार असं वाटतं."

मी विषय बदलला नाही. गप्प बसलो. वाचनालयात जन्म काढलेल्या माणसाला ते सोपं जातं.

गोकुळला स्किझोफ्रेनिया आहे. मागे त्याला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायची. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. वजन वाढलं, पण आवाज थांबले आणि मोताळ्यातलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान तो पुन्हा चालवू लागला. माझी थोरली बहीण सिंधूताई, त्याची आई, सगळ्यांना सांगायची, "पित्ताच्या गोळ्या हायेत."

हुरड्याच्या दिवसांत प्रेरणाच्या वडिलांनी त्याला रोहिणखेडला बोलावलं. हुरडा राहिला बाजूला, गावातल्या विहिरींवरच्या बिघडलेल्या मोटारी दुरुस्त करत तो तिथंच मुक्कामाला राहिला. प्रेरणाची आजी मनकर्णाबाई. तिनं गोळ्यांचं पाकीट उचलून ठेवलं. "पित्ताले गोळ्या काऊन खाता जावाईबापू? आतडं जळते त्यानं." रोज रात्री ती त्याला धण्याचं पाणी पाजत राहिली. गोळ्या परत मागायची लाज वाटून गोकुळ पीत राहिला.

परतला तो थेट माझ्या दारात. डोळे तांबारलेले.

"मामा, भिंत परत बोलून राह्यली."

आम्ही सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला गेलो. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आपल्या मनानं बंद करू नका, असं बजावलं. हळूहळू त्याला झोप लागू लागली.

सिंधूताई म्हणाली, "लगन होऊ दे, मंग सांगू. आता सांगशीन त मोडते."

"मोडलं तर मोडू दे."

"मोठा आला पुस्तकातला शहाणा!"

ताईपुढे माझा आवाज कधी निघत नाही. त्या दिवशी निघाला. "ताई, त्या म्हातारीचं काय चुकलं? आपण पित्त सांगितलं, तिनं पित्ताचा उपाय केला. उद्या प्रेरणाही तेच करेल."

ताई भाकरी थापत राहिली.

मी गोकुळला विचारलं, "दुखणं तुझं आहे. लिहू का?"

त्यानं हातातल्या मोटारीची तार गुंडाळून संपवली. "लिहा. पण मले दाखवा."

मी आजाराचं नाव लिहिलं, गोळी रोज लागते हे लिहिलं, बंद केल्यावर काय झालं तेही. नकार दिलास तरी आम्ही रागावणार नाही, असंही. वाक्यं बरी आहेत की नाहीत, मला अजून कळत नाही. गोकुळनं वाचलं आणि खाली स्वतः लिहिलं, "अक्षर मामाचं, पण गोळी माझी. ती मी घेणारच. आजीलेही सांगजो, धण्याचं पाणी चांगलं होतं."

पोस्टाच्या पेटीशी माझा हात थांबला.

"टाका ना मामा," गोकुळ म्हणाला.

मी टाकलं.