दार आतून लावणारा

निशिगंधाने कॉमिकच्या सहाव्या पानावरचा हात खोडला आणि पुन्हा काढला. तरी तो दाराला लावलेला वाटेना, नुसता चिकटवल्यासारखा दिसत होता.

परदेशी अंतराळपटांच्या एका मालिकेवर कॉमिक्सचा संग्रह निघणार होता. दहा चित्रकार, दहा गोष्टी. सिनेमात जेमतेम दिसून गेलेल्या माणसांच्या. कोल्हापुरातून ती एकटीच निवडली गेली होती. तिने दुसऱ्या भागातला भट्टीवाला घेतला होता. यानाच्या भट्टीचा स्फोट होतो, तो लोखंडी दार आतून लावून घेतो आणि बाकीचे वाचतात. पडद्यावर चार सेकंद. नावसुद्धा नाही.

तिचे वडील कृष्णात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं काम करून निवृत्त झाले होते. चहाचा कप ठेवायला ते आले आणि पानावर वाकले.

"ह्यो कोण?"

तिने गोष्ट सांगितली.

"दार लावताना माणूस असा मागं बघत न्हाय," ते म्हणाले. "लोखंडाचा रस सांडला की बघायला येळच नसतोय. खांदा लावतोय. बापूसोनं खांदाच लावलता."

बापूसो त्यांच्या पाळीतला. भट्टीच्या अपघातात सगळे धावत सुटले, तो आत अडकून मेला, एवढंच घरात माहीत होतं.

"त्यांनी दार लावलं होतं? स्वतः?"

"व्हय. शेजारच्या शेडमधी पंधरा माणसं हुती."

निशिगंधाने खांदा काढला. चित्राला एकदम वजन आलं. कृष्णात मात्र हलले नाहीत. दाराच्या अलीकडे कोरी जागा होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"हितं एकजण पायजे."

"सिनेमात बाहेर कोणी नाही, पप्पा."

"आसतोय की. दार लागायच्या आधी त्याला हात धरून वढता आलं असतं. वढला न्हाय."

तिची पेन्सिल थांबली. दर दिवाळीला पप्पा बापूसोच्या घरी फराळाचा डबा घेऊन जात. कितीही आग्रह झाला तरी आत न जाता माघारी फिरत.

तिने नवा कागद घेतला.

"कसा उभा होता तो?"

कृष्णात स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले आणि चौकटीच्या दोन हात अलीकडे थांबले. उजवा हात अर्धवट पुढे केला आणि तसाच धरला.

तिने हात काढला, खांदे काढले.

"चेहरा काढू?"

उजवा हात त्यांनी तसाच पुढे ठेवला. मग डाव्या हाताने चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला.

"तवा मला चष्मा नव्हता," ते म्हणाले.