मापाचा ब्लाउज

पिंपरी कॅम्पातल्या दुकानात हळदीचे पिवळे कुर्ते घ्यायचे चालले होते. घरातल्या सगळ्या बायकांनी एकसारखे घालायचे, असं स्वरूपानं ठरवलं होतं. स्वरूपा म्हणजे नवरी. बाकीच्यांचे घेऊन झाले. तिची काकू विजयश्री मात्र ट्रायल रूममधून बाहेर येईना. डबल एक्सेल खांद्यावर अडकला होता, वरही जाईना आणि खालीही येईना. शेवटी तिनं दारातून हात बाहेर काढून तो परत दिला. काउंटरवरच्या माणसानं वरच्या माळ्याकडं तोंड करून हाक मारली, "ए, मावशींसाठी थ्री एक्सेल टाक रे! नसला तर जेन्ट्समधला बघ!"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्या बायका एकदम दुसरीकडं बघायला लागल्या, कुणी किंमत, कुणी शिलाई. नवऱ्या मुलाची आई सुमनताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या हातात मीडियम होता.

"मला हासुद्धा ढगळच होतोय बाई," त्या म्हणाल्या.

"मला नकोच कुर्ता," विजयश्री म्हणाली. "कन्यादानाला बसायचंय, मी साडीच नेसेन हळदीलाही."

स्वरूपाची आई सावित्री आदल्या वर्षी वारली होती. वडील गोरक्ष एकटे. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून गोरक्षांचा धाकटा भाऊ नवनाथ आणि त्याची बायको विजयश्री बसणार होते. दोघा भावांची बिऱ्हाडं चिखलीत एकाच बिल्डिंगमध्ये, वर-खाली. दोघेही चाकणच्या कंपन्यांत कामाला. वीस वर्षांपूर्वी आष्टीकडून आले, तेव्हा तर सगळी एकाच खोलीत राहायची.

दुकानातून निघताना सुमनताई म्हणाल्या, "विहीणबाई, कन्यादानाची साडी आमच्याकडनं. ब्लाउज शिवूनच देणार मी. आमचा टेलर फार छान शिवतो. फक्त तुमचा मापाचा ब्लाउज द्या. रविवारी येऊन घेऊन जाते."

"न्या की," मागून नवनाथ म्हणाला. "नाहीतर ती टेलरला टेप लावू देत नाही. टेप पुरत नाही म्हणते."

"अहो!" विजयश्री म्हणाली. सगळे हसले. आता हसायला हरकत नव्हती, नवराच बोलला होता.

टेपनं माप देणं तिनं कधीच सोडलं होतं. अंगाला बसणारा एक जुना ब्लाउज टेलरपुढं टाकायचा आणि म्हणायचं, असाच शिवा. मग हात वर करून उभं राहायला नको, कुणी आकडा मोठ्यानं बोलायला नको. टेलर समजून घ्यायचा, तीही न समजल्यासारखं करायची.

रविवारी सुमनताई आल्या. चहा झाला. "द्या बरं माप," त्या म्हणाल्या.

विजयश्री आतल्या खोलीत गेली. तिनं तिचा नेहमीचा ब्लाउज काढला. दोन्ही बाजूंनी उसवून उसवून आत शिवणीत सोडलेली सगळी माया संपलेली होती. काखेत दुसऱ्याच कापडाच्या पट्ट्या टाकलेल्या होत्या. एक पट्टी तर नवनाथच्या जुन्या शर्टाची होती. तिनं तो अंथरुणावर पसरला. पसरल्यावर तो आणखी मोठा दिसला. हा सुमनताईंच्या हातात द्यायचा. त्या तो उघडणार, वर धरून बघणार, मग टेलरकडं नेणार.

खोलीच्या कोपऱ्यात सावित्रीच्या कपड्यांचं गाठोडं होतं. लग्नाआधी तिचं कपाट मोकळं कर, असं गोरक्षभाऊजींनीच सांगितलं होतं. गाठोड्यात सगळ्यात वर एक वांगी रंगाचा ब्लाउज होता, गळ्याला पाइपिंग असलेला. विजयश्रीनं तो उचलला. 'आमचं माप पहिल्यापासून एकच होतं,' ती मनाशी म्हणाली. ते खरंही होतं. त्या एका खोलीत राहायच्या तेव्हा दोघी जावांचा मिळून मापाचा ब्लाउज एकच असायचा. पण त्या गोष्टीला वीस वर्षं झाली होती, आणि ते तिला माहीत होतं.

तिनं तो नीट घडी करून कॅरीबॅगमध्ये घातला आणि बाहेर आणून दिला. सुमनताईंनी तिथंच बाहेर काढला आणि दोन बोटांत धरला.

"अगंबाई! दिसता त्यापेक्षा बारीकच आहात की तुम्ही. साडीच चापूनचोपून नेसत नसाल."

विजयश्री हसली. खरं म्हणजे त्या एका क्षणी तिला फार बरं वाटलं. पुढं सगळं झाल्यावर तिला जास्त लाज वाटली ती त्या बरं वाटण्याचीच.

मग तिनं भात सोडला. ती कामाला जायची त्या शेडवर रबरी वॉशरचं पॅकिंग करताना दुपारच्या डब्यातली एक पोळी ती शेजारणीला द्यायला लागली. संध्याकाळी स्पाइन रोडनं चालून यायची. तिला वाटायचं, टेलरनं आत माया सोडलेली असेल, तेवढी उसवू, बाकीचं पदराखाली झाकू. कसं तरी बसेल.

हळदीच्या संध्याकाळी मोशीच्या कार्यालयात सुमनताईंनी सगळ्यांसमोर तिची ओटी भरली. मोरपंखी साडी, वर शिवलेला ब्लाउज, बाहीला जरीचा काठ. "उद्या कन्यादानाला हाच बरं का," त्या म्हणाल्या. "आणि माप परत आणायचं विसरले, तेही उद्या देते."

विजयश्रीनं खोलीचं दार लावून ब्लाउज घालून बघितला. बाही कोपराच्या वर जाईना. श्वास रोखून ओढली तेव्हा दंडाशी टचकन आवाज आला. पुढून हुक आणि घर यांच्यात एक अख्खा हात मावेल एवढं अंतर होतं. ती आरशासमोर तशीच उभी राहिली. पोट चोळीबाहेर, पाठीला वळ्या, केसांत हळद. एवढा कसा लहान? सावित्री बारीक होती, पण एवढी नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं. तो ब्लाउज आजारपणातला होता.

पोटाचा कॅन्सर होता. कळायच्या आधीच सावित्रीचं वजन उतरायला लागलं होतं. बिल्डिंगमधल्या बायका तिला जिन्यात थांबवून विचारायच्या, काय करतेस, छान दिसतेस. सगळ्यात आधी विचारलं होतं विजयश्रीनं. "बाई, कसं कमी केलंत? मलाही सांगा ना. एकट्याच बारीक होताय!" सावित्री हसली होती. पुढं आजार कळला आणि कपडे अंगावर लोंबायला लागले, तेव्हा तिनं टेलरकडं जायचं बंद केलं. "त्याला कशाला कळायला पाहिजे, मी किती उरले ते," ती म्हणायची. मग भाऊजीच तिचे ब्लाउज आत घ्यायचे. कंपनीत पत्र्याचं काम करणारा माणूस. शिफ्टवरून येऊन, चष्मा लावून, हातशिलाईनं टाके घालायचा. एक जण लाजत होती उरली नाही म्हणून, आणि दुसरी तिच्याकडं बघून जळत होती.

विजयश्रीनं ब्लाउज काढला. दार वाजलं. "अगं, झालं का?" नवनाथ बाहेरून म्हणाला. "का अडकलीस त्यात? बोलावू का फायर ब्रिगेड?"

"झालं," ती म्हणाली.

लग्नाच्या सकाळी तिनं मोरपंखी साडीवर आपला जुना मरून ब्लाउज घातला आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. मांडवात कुणी बघणार नाही असं तिला वाटलं होतं. सुमनताईंनी पहिल्यांदा तेच बघितलं.

"हे काय? आपला ब्लाउज कुठाय?"

"जरा... बसला नाही नीट."

"बसला नाही? मापावरून शिवलाय अहो. थांबा, त्याला झापतेच मी आता. बाराशे शिलाई घेतो आणि असं?" त्यांनी पर्समधून फोन काढला, दुसऱ्या हातानं पिशवीतून मापाचा ब्लाउज काढला. "आणा तो नवा, शेजारी ठेवून फोटोच पाठवते त्याला."

चार बायका जमल्या. स्वरूपा मुंडावळ्या बांधून तिथंच बसली होती. टेलरची काही चूक नव्हती, आणि तसं नुसतं म्हटलं तरी पुढचं सगळं सांगावं लागणार होतं.

गोरक्षभाऊजी अक्षतांचं ताट घेऊन चालले होते. ते थांबले. सुमनताईंच्या हातातला वांगी ब्लाउज त्यांनी बघितला. ताट खाली ठेवलं आणि ब्लाउज हातात घेऊन उलटा केला. आत पांढऱ्या दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके होते, एक लांब, एक आखूड.

"ही शिलाई माझी आहे," ते म्हणाले.

सुमनताईंनी फोन खाली घेतला.

"सावित्रीचा आहे हा. शेवटी शेवटी ती हाच घालायची." ते विजयश्रीकडं वळले. त्यांचे डोळे भरले होते. "तू तिच्या मापाचा शिवून घेतलास होय? लेकीच्या कन्यादानात तिचा ब्लाउज असावा म्हणून?"

विजयश्रीनं तोंड उघडलं. स्वरूपा रडायलाच लागली. "काकू," ती म्हणाली, आणि उठून तिच्या गळ्यात पडली. सुमनताईंनी फोन पर्समध्ये ठेवला. "अहो, आधी सांगायचं ना मला! मी वेडी उगाच टेलरला बोलत होते. केवढं मन तुमचं!"

विजयश्रीनं 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. बायका डोळे पुसत होत्या, गुरुजी हाक मारत होते, आणि तिनं म्हटलं नाही.

भाऊजींनी एका खुर्चीवर सावित्रीचा फोटो ठेवला आणि पुढं तो नवा ब्लाउज घडी करून ठेवला, जरीचा काठ वर दिसेल असा. कन्यादानाला बसल्यावर तो बरोबर विजयश्रीच्या समोर होता. स्वरूपाचा हात तिच्या हातात होता, वरून पाणी सोडत होते, आणि ती खाली मान घालून बसली होती. आईच्या आठवणीनं काकूला भरून आलंय, असं मागून कुणीतरी म्हणालं.

नवरी गेली. मांडवात आता फक्त खुर्च्या गोळा करणारी माणसं उरली. भाऊजी फोटो टॉवेलात गुंडाळत होते. विजयश्री त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुम्ही म्हणालात तसं नव्हतं ते."

"काय नव्हतं?"

"मला माझा ब्लाउज द्यायची लाज वाटली. विहीणबाई एवढ्या शेलाट्या. म्हणून बाईंचा दिला. आठवण वगैरे काही नव्हती. बाईंची आठवणसुद्धा आली नाही मला तेव्हा."

ते टॉवेलाचं टोक खोचत राहिले. मग म्हणाले, "मी सगळ्यांसमोर बोलून बसलो."

"तुमची काय चूक?"

"मला वाटलं, कुणालातरी आठवण आहे तिची." ते खुर्चीवर बसले. "पूजेच्या दिवशी सुमनताई परत विषय काढतील. काय सांगशील?"

"जे आहे ते."

"नको सांगू," ते म्हणाले. मग फोटो मांडीवर घेऊन, "नाही, सांग. तिच्या नावावर खोटं नको. आधीच तिला बारीक झाली म्हणून सगळ्यांनी शाबासकी दिली होती."

विजयश्रीला वर बघवेना. त्या शाबासकीत पहिली कोण होती ते भाऊजींना माहीत होतं की नाही, हे तिनं विचारलं नाही.

सत्यनारायणाला विजयश्री आणि नवनाथ सुमनताईंकडं पिंपळे सौदागरला गेले. मोठी सोसायटी, अकराव्या मजल्यावर घर, हॉलमध्ये सुमनताईंच्या भिशीच्या बायका बसलेल्या. "ह्याच त्या," सुमनताईंनी ओळख करून दिली. "जाऊच्या मापाचा ब्लाउज शिवून घेतला ह्यांनी, मी सांगितलं होतं ना?" बायकांनी माना हलवल्या. एकीनं तर हात जोडले.

विजयश्रीनं पिशवीतून कॅरीबॅग काढली. कानशिलं तापली होती. नवनाथ दारात चपला काढत होता. आज तरी ह्यानं काही बोलू नये, असं तिला वाटलं.

"ताई, ते खरं नाही," ती म्हणाली. "मला लाज वाटली म्हणून मी जाऊबाईंचा दिला होता. माझं माप हे आहे."

सुमनताईंनी कॅरीबॅग घेतली. काय करावं ते न सुचून त्यांनी आतला ब्लाउज बाहेर काढला आणि सवयीनं उघडून वर धरला. तो उघडतच गेला. काखेतल्या पट्ट्या दिसल्या, शर्टाच्या रेघांची पट्टीसुद्धा. हॉलमधल्या बायका बघत होत्या, आणि या वेळी कुणाला दुसरीकडं बघायला जमलं नाही. विजयश्रीलाही नाही. तिनं तो शेवटपर्यंत बघितला.

"अहो, ती माझ्या शर्टाची पट्टी," नवनाथ दारातून म्हणाला. मग बायकोचं तोंड बघून पुन्हा चपलांकडं वळला.

सुमनताईंनी ब्लाउज खाली घेतला. घडी करायला त्यांना वेळ लागला. "टेलरकडं देते मी," त्या हळू म्हणाल्या. "दुसरा शिवून मागवते."

"द्या," विजयश्री म्हणाली. "सेहेचाळीस आहे म्हणावं. आणि आत माया भरपूर सोडायला सांगा. मी भात परत सुरू केलाय."