हंबीररावांची उजवी पोटरी

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर हंबीरराव तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून ताजं दूध ग्लासात देत आले होते. गोठ्यात घसरून त्यांचा उजवा घोटा मोडला. दोन महिने प्लास्टर होतं, पण म्हैस तेव्हा गाभण, दूध आटलेली असल्यामुळं काही अडलं नाही. ती व्याली आणि अडलं. उकिडवं बसलं की हंबीररावांची उजवी टाच उचलायची, तोल जायचा, बादली कलंडायची. जावई राजवीर धारेला बसला तर म्हैस पान्हा चोरायची. वेळेला पाच लिटर देणारी म्हैस दीड लिटरवर आली होती. असंच चाललं असतं तर ती आटलीच असती.

“स्टुलावर बसून काढा ना, काका,” फिजिओथेरपिस्ट अदिती म्हणाली.

“स्टुलावर? लोकं म्हणतील, हंबीर दाढीला बसलाय.”

अदितीनं त्यांना भिंतीसमोर उभं केलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा होता; पाय जितका लांब ठेवून जमेल, तितका घोटा मोकळा. डाव्या पायाचा अंगठा भिंतीपासून पाच बोटं लांब राहिला, उजव्याचा एकच बोट.

“पोटरीत गाठी धरल्यात. मी दाबत जाते, दुखलं की सांगा. इथं?”

“न्हाय.”

“इथं?”

“काय न्हाय. रेड्यानं तुडवलंय मला, डॉक्टरीणबाई. तुमचा अंगठा म्हंजे मुंगी.”

तीन दिवस हेच. पोटरी कुठंच दुखेना आणि टाच काही टेकेना.

चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी बाळाबाई सोबत आल्या. हंबीरराव पालथे पडून पाडव्याच्या म्हशींच्या शर्यतीची गोष्ट सांगत होते. “मोटारसायकल फुडं, म्हैस मागं. अन् म्हैस अशी पळाली...” अदितीचा अंगठा जरा खाली सरकला आणि गोष्ट मधेच तुटली.

“तितंच दाबा,” बाळाबाई म्हणाल्या.

“का?”

“मंगलाष्टकं चालली हुती तवाबी आमचं मालक बोलत हुतं. आपणहून गप बसायचं न्हाईत.”

अदितीनं अंगठा तिथंच धरून ठेवला. हंबीररावांच्या कपाळावर घाम आला.

“दुखतंय?”

“तुमचा पंखा बारीक हाय.”

साधारण मिनिटभरानं बोटाखालची गाठ सैल पडली. “...की गाडीच मागं ऱ्हायली!” हंबीररावांनी वाक्य पुरं केलं. अदितीनं पेननं त्या जागी ठिपका काढला.

गोष्टी रोज वाढत गेल्या. पोटरीवर चार ठिपके झाले. मग अदिती घोट्याला पट्टा लावून पुढचं हाड मागं रेटायची आणि हंबीरराव गुडघा पुढं वाकवायचे. बाराव्या दिवशी भिंतीपाशी चार बोटं भरली.

त्याच संध्याकाळी ते कट्ट्यावर धारेला बसले. अदितीही बघायला आली होती. आधी डावी टाच टेकली, मग सावकाश उजवी. राजवीरनं रेडकू लावून बाजूला घेतलं. म्हशीनं मान वळवून वास घेतला. हंबीररावांनी सड धरले. काही नाही. गिऱ्हाइकं ग्लास धरून उभी. एक मिनिट गेलं. म्हशीनं एक पाय हलवला, परत टेकला आणि पहिली धार बादलीत वाजली.

साडेचार लिटर निघालं.

“काका, उठा आता. पहिल्या दिवशी एवढं पुरे,” अदिती म्हणाली.

हंबीरराव उठले नाहीत. शेजारी आदर्श गवळ्याची म्हैस उभी होती. तिच्याकडं बोट करून ते ओरडले, “ए आदर्श, तुझी बी हिकडं घे की! बसलोयच तर काढतो!”