पवळाचं नाव

पावसाळ्यात माझी बायको पवळा गेली. तेव्हापासून मला घरात बसवत नाही. नातीचं बारसं उद्यावर आलं होतं. तिला पवळाचं नाव द्यायचं माझ्या मनात होतं, पण सून वल्लरीनं विचारलं, "मामा, या नावाचा अर्थ काय? उगाच कुणी हसायला नको."

पवळा म्हणजे पोवळं, लाल खडा, एवढंच मला ठाऊक. हेच नाव का ठेवलं, ते पवळालाही माहीत नव्हतं. सकाळचीच एसटी धरून मलकापूरला गेलो. तिथं तिची थोरली बहीण राहते, धोंडुबाई. मी त्यांना आक्का म्हणतो. अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"पावणं, बसा की जरा! आल्यापास्नं फेऱ्या काय घालताय?"

मी उभ्यानंच विचारलं.

"माझ्याआधीची दोन पोरं गेलती," आक्का म्हणाल्या. "म्हणून आईनं मला धोंडी केलं. धोंडा कोण उचलून नेतंय? तशी मी वाचलो. पवळाच्या वक्ताला आजी म्हणाली, हिला दगडी म्हणा. आई ऐकंना. म्हणाली, एकीला भिऊन नाव ठेवलं, हिला हौसेनं ठेवणार. डोरल्यातलं पवळं काढून पोरीच्या गळ्यात बांधलं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आलाय की. अजून हाय." त्या हसल्या. मग शेंगा तशाच ठेवून म्हणाल्या, "पर धोंडा हितंच हाय बघा. पवळंच गेलं."

परतीच्या गाडीत दोनदा जागा बदलली. दुसरं नाव शोधू लागलो, एकही सुचेना.

घरी येऊन वल्लरीला सगळं सांगितलं, आक्कांचं शेवटचं बोलणंही. "पवळा नको," मी म्हणालो. "मला भीती वाटते."

ती पोरीला थोपटत होती. "त्यांच्या आईला वाटली नसेल? दोन पोरं गेलेली तिची." मग म्हणाली, "संयोगिताताईंना सांगा, पवळाच."

दुसऱ्या दिवशी माझी मुलगी संयोगिता आत्या म्हणून पाळण्यावर वाकली. कानात नाव सांगितलं तसं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले.

"अगं हळू! मारताय की काय!" ती ओरडली.

बायका जेवायला बसल्यावर मी पाळण्याशी गेलो. "पवळा," म्हणालो. घरातून कुणी ओ दिली नाही. पोरीनं मूठ तोंडात घातली. मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं.